थंड प्लग

वापरून काढलेला स्पार्क प्लग बाजूला टाकण्याआधी त्याचे टोक उजेडाकडे धरून पाहण्याची सवय पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या बहुतेक मिस्त्रींच्या हातात मुरलेली असते. नवा प्लग खोक्यातून बाहेर निघालेला असो, गिऱ्हाईक घाईत असो, जुन्याचे तोंड पाहिल्याखेरीज नव्याला जागा मिळत नाही. जालन्यात कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना. यांपैकी कोणत्याही बाजूच्या दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात ऑइलने माखलेला एखादा पत्र्याचा डबा सापडतो आणि त्यात असे दहावीस जुने प्लग पडलेले असतात. कोणाचे टोक काजळी धरून मखमलीसारखे काळे झालेले, कोणाचे ऑइलने ओलसर आणि चकचकीत, कोणाचे भाजलेल्या बिस्किटासारखे तांबूस करडे. एखाद्याची चिनी माती मात्र हाडासारखी पांढरीफटक पडलेली असते, तिच्यावर बारीक फोड उठलेले असतात आणि वरून वाकलेल्या पट्टीच्या कडा झिजून गोलसर झालेल्या असतात. हे प्लग पुन्हा कोणत्याही इंजिनात बसणार नाहीत हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी ते लगेच फेकले जात नाहीत.

संस्कृत शास्त्रकारांनी देहलीदीपन्याय सांगितला आहे: उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. इंजिनाच्या सगळ्या भागांमध्ये प्लग हा असा उंबऱ्यावरचा भाग आहे. त्याचे एक टोक दहनकक्षात, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे जळतात त्या बंद पोकळीत असते, तर दुसरे बाहेर वाऱ्यावर, वायरच्या टोपीखाली. पिस्टन, झडपा, सिलिंडरच्या भिंती यांचे दर्शन इंजिन उघडल्याशिवाय होत नाही. प्लग मात्र पान्ह्याच्या चार वेढ्यांत हातात येतो आणि येताना आतल्या जाळाच्या खुणा अंगावर घेऊन येतो. त्यामुळे तो इंजिनाचा सुटा भाग असतो आणि आतल्या घटनेचा साक्षीदारही.

या वस्तूला मराठीने वेगळे नाव दिले नाही. ‘प्रज्वलक’ हा शब्द परिभाषेत शोभून दिसेल, पण त्या नावाने हाक मारली तर गॅरेजात कोणी ओ देणार नाही. तिथली भाषा निराळी आहे: प्लग काळा पडतो, प्लग ओला होतो, प्लगला करंट येत नाही, गाडी मिसिंग करते. करंट येतो की नाही हे पाहण्याची रीतही सर्वत्र एकच: प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या हेडला टेकवायचे आणि किक मारायची. सावलीत पाहिले तर फटीतून टिचकी वाजल्यासारखा आवाज करत निळी रेघ उडते. ती पिवळसर, लुळी दिसली की मिस्त्रीचे लक्ष कॉइलकडे वळते. दहा ते वीस हजार व्होल्ट, आणि प्रसंगी त्याहून अधिक, इतका विद्युत दाब त्या मिलिमीटरभर फटीवर येतो, तेव्हा मधल्या वायूचा विरोध मोडतो आणि ठिणगी पडते.

ठिणगी देणे हे प्लगचे जगजाहीर काम असले तरी प्लग निवडण्याचा प्रश्न ठिणगीपाशी क्वचितच अडतो. तो अडतो उष्णतेपाशी. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा आग पेटते आणि तिच्या ज्वाळेचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. या जाळात तोंड घालून बसलेल्या टोकाला दोन मर्यादांच्या मध्ये राहावे लागते. सुमारे ४५० अंशांच्या खाली राहिले तर त्याच्यावर साचणारी काजळी जळून जात नाही, आणि काजळी विजेला वाट देत असल्यामुळे ठिणगीचा जोर फटीपर्यंत पोहोचण्याआधीच चिनी मातीच्या अंगावरून वाहून जातो. उलट ८५० ते ९०० अंशांच्या वर गेले तर टोक स्वतःच निखारा होते आणि ठिणगीची वेळ येण्याआधीच मिश्रण पेटवून देते. या अकाली पेटण्याला पूर्वज्वलन म्हणतात. त्यात पिस्टन वर चढत असतानाच त्याच्या डोक्यावर जळत्या वायूचा दाब बसतो, आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही.

टोकाची उष्णता मागे नेण्याचे काम मुख्यतः आतली चिनी माती आणि बाहेरचे आटे करतात. ज्या प्लगची चिनी मातीची नाळ लांब असते, तिच्यातली उष्णता लांबच्या वाटेने धातूच्या अंगाकडे जाते. टोक तापलेले राहते. नाळ आखूड असली तर उष्णता चटकन आट्यांतून हेडमध्ये आणि तिथून थंडाव्याच्या पाण्यात उतरते. पहिल्याला गरम प्लग आणि दुसऱ्याला थंड प्लग म्हणतात, आणि या नावांनी नवशिक्यांची जितकी दिशाभूल केली आहे तितकी क्वचितच कशाने केली असेल. गरम प्लग अधिक आग देत नाही आणि थंड प्लगची ठिणगी गार नसते. मराठीत गोष्ट पोटात ठेवणारी माणसे आणि बोलून मोकळी होणारी माणसे असा जो भेद केला जातो, तोच येथे लावावा: गरम प्लग पोटात ठेवतो, थंड प्लग मोकळा होतो. म्हणूनच इंजिन जितके अधिक तापणारे, तितका प्लग अधिक थंड लागतो, हे विधान ऐकताना उलटे वाटले तरी समजल्यावर साधे वाटते.

या गोंधळात भर घालण्याचे काम कंपन्यांच्या आकड्यांनी केले आहे. १९३६ साली जपानमधल्या नागोया शहरात सुरू झालेल्या एनजीके या कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. सहापेक्षा सात थंड आणि सातपेक्षा आठ. जर्मनीच्या बॉशच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होत जातो. दोन्ही खोकी एकाच काचेच्या कपाटात शेजारी शेजारी लावलेली असतात, आणि एकीकडचा आठ म्हणजे दुसरीकडचा आठ नव्हे हे सांगणारी पाटी तिथे नसते. एनजीके या अक्षरांतला ‘जी’ हा ‘गाइशी’ या जपानी शब्दाचा, म्हणजे वीजरोधक चिनी मातीचा आहे, ही बाब येथे नोंदवण्यासारखी आहे. प्लगचा कस धातूपेक्षा त्या पांढऱ्या मातीवर ठरतो असे ते नावच सांगते. ही माती आज प्रायः ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते, जिला भट्टीत इतके भाजलेले असते की विजेला ती अडवते आणि उष्णतेला मात्र जाऊ देते.

दोन स्ट्रोकच्या इंजिनांच्या काळात हे ज्ञान घरोघरी पोहोचलेले होते, जरी त्याला कोणी ज्ञान म्हटले नाही. १९७२ च्या सुमारास बाजारात आलेली बजाज चेतक आणि लूना, किंवा गावोगावच्या दूधवाल्यांची राजदूत, यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. ते जळताना प्लगवर साचे, आणि म्हणून डिकीत एक सुटा प्लग, प्लग पान्हा आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगणे हा शिस्तीचा भाग होता. फिलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा जुडगा, हाताशी नसला की हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीवर काम भागवले जाई. आज पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप घेऊन कपाशीत किंवा मोसंबीत फिरणाऱ्या शेतकऱ्याने ही विद्या जिवंत ठेवली आहे. पंप सुरू होईना की तो बांधावर टेकून आधी प्लग काढतो, टोक पाहतो, कापडाने पुसतो, आणि ऑइल जास्त पडले की करंट गेला याचा निर्णय त्या काळ्या ठिपक्यावरून करतो.

रोजच्या वापराच्या या प्लगपासून शर्यतीच्या इंजिनाचा प्लग फार दूर वाटतो, विशेषतः त्या इंजिनाला नायट्रस जोडलेला असेल तर. नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला वायू. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने तो १७७२ साली वेगळा केला. १७९९ मध्ये ब्रिस्टलच्या एका संस्थेत तरुण हम्फ्री डेव्ही तो रेशमी पिशव्यांतून स्वतः हुंगत राहिला आणि पुढच्या वर्षी त्यावर त्याने जाड ग्रंथ लिहिला. हसवणारा वायू म्हणून आधी त्याचे जलसे झाले, मग १८४४ मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने दात काढताना वेदना बधिर करण्यासाठी तो वापरला, आणि भूल देण्याच्या शास्त्रात त्याला कायमचे स्थान मिळाले. भारतातल्या शस्त्रक्रियागृहांत निळ्या रंगाचे सिलिंडर दिसतात ते याचेच. दुसऱ्या महायुद्धात विरळ हवेत उंच उडणाऱ्या जर्मन विमानांच्या इंजिनांना हा वायू पाजला जाई. तिथून तो मोटारींच्या शर्यतीत आला. माणसाला गुंगी आणणारा वायू इंजिनाला चेव आणतो, ही गंमत रसायनशास्त्राला मुळीच गंमत वाटत नाही. कारण दोन्हीकडे तो वेगवेगळी कामे करतो.

इंजिनात त्याचे काम ऑक्सिजन पोहोचवण्याचे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये सुमारे ३६ टक्के. दहनकक्षातल्या उष्णतेत हा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि त्याच सिलिंडरमध्ये अधिक पेट्रोल जाळता येते. शिवाय तो सिलिंडरमधून द्रवरूपात सुटून बाष्प होताना आजूबाजूची उष्णता शोषतो. उकळण्याचा बिंदू उणे ८८ अंशांच्या आसपास असल्यामुळे आत शिरणारी हवा थंडगार आणि दाट होते. म्हणजे इंजिनात अधिक आग पेटवण्याची सुरुवात थंडीने होते. हा विरोध प्लगच्या बाबतीतही पुढे चालू राहतो.

जालन्याच्या हवेत याला आणखी एक कंगोरा आहे. ३६.४ अंश हे नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायू द्रवरूपात राहत नाही अशी हद्द. थंड देशांतले शर्यतवाले बाटलीभोवती तापवणारी पट्टी गुंडाळतात, कारण बाटली गार असली तर दाब कमी पडतो. वैशाखात जिथे पारा चाळिशी ओलांडतो, तिथे सावलीत ठेवलेली बाटलीही ती हद्द ओलांडून बसते, आतला दाब ७२ बारच्या पलीकडे चढत जातो, आणि पट्टीऐवजी माठाला गुंडाळतात तसे ओले पोते लागावे अशी स्थिती होते. दाब वाढला की ठरल्यापेक्षा अधिक वायू आत जातो. त्याच्या जोडीचे पेट्रोल मात्र ठरलेल्याच छिद्रातून येत असते. मिश्रण कोरडे पडते, कोरडे मिश्रण अधिक तापते, आणि त्या तापाची पहिली झळ प्लगच्या टोकाला लागते. दुपारचे ऊन अशा रीतीने प्लगच्या आकड्यापर्यंत येऊन पोहोचते.

या परिसरात जोमदार इंजिनांची गोष्ट अगदीच परकी नाही. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालेला रस्ता शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीवरून जातो, आणि तिथल्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली. २००४ मध्ये तिचाच आरएस हा अवतार आला, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती घेऊन. टर्बो म्हणजे धुराड्यातून सुटणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्या काळातल्या देशी बाजारात पेट्रोलवरचा टर्बो ही अपूर्वाई होती, आणि गाडीत फेरफार करून वेग वाढवणाऱ्या मंडळींमध्ये ही ऑक्टाव्हिया अजून नावाजली जाते. शर्यतीची हौसही महाराष्ट्राला जुनी आहे: गेल्या शतकाच्या मध्यात मुंबईत जुहूच्या विमान धावपट्टीवर मोटारी धावत, आणि अलीकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या, पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून सरळ रेघ ओढल्यासारखा जातो हे खरे, पण त्याच्यावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. नायट्रसची जागा धावपट्टीवरच.

अशा दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनाला ७५ अश्वशक्तीचा नायट्रस जोडला असे मानले, तर प्लगची निवड कशी होईल? जाणकारांत एक ढोबळ हिशेब रूढ आहे की वाढवलेल्या दर ७५ ते १०० अश्वशक्तीमागे प्लग एका आकड्याने थंड करावा. एनजीकेचा सात असेल तर आठ. हा हिशेब नियम म्हणून पाळण्यापेक्षा शोधाचा आरंभबिंदू म्हणून घ्यावा हे बरे, कारण इंजिनाचा दाबप्रमाणाचा आकडा, पेट्रोलचा प्रकार, ठिणगीची वेळ आणि शर्यतीची लांबी यांनी तो हलतो. पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आणि जोमदार गाडीला ते अंतर कापायला तेरा सेकंद लागले असे धरले, तर सेकंदाला पन्नास या मोजणीने प्रत्येक प्लगच्या वाट्याला जेमतेम साडेसहाशे ठिणग्या येतात. एवढ्यासाठी निवडलेला थंड प्लग घेऊन तीच गाडी गांधी चमनपासून अंबड चौफुलीपर्यंतच्या गर्दीत हळूहळू चालवली, तर टोक स्वतःला साफ करण्याइतके तापतच नाही, काजळी धरते आणि गाडी झटके मारू लागते. चुकायचेच असेल तर मात्र थंडाच्या बाजूने चुकावे, हा जुना शहाणपणा येथे मान्य करण्यासारखा आहे: काळा पडलेला प्लग बदलता येतो, भोक पडलेल्या पिस्टनचे तसे नसते.

मग फटीचा प्रश्न येतो. १८८९ मध्ये फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की दोन धातूंच्या मधल्या वायूतून ठिणगी उडण्यासाठी लागणारा विद्युत दाब वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. नायट्रसमुळे सिलिंडरमधला दाब वाढला की तीच फट ठिणगीला ओलांडवेनाशी होते. कॉइलचा जोर तेवढाच असेल तर फट कमी करणे हाच उपाय उरतो. एक मिलिमीटर किंवा किंचित जास्त असलेली फट म्हणून ०.८ ते ०.९ वर आणली जाते. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षांमध्येही फट कमी ठेवतात, कारण त्या मिश्रणातून ठिणगी उडवायला अधिक व्होल्ट लागतात; शर्यतीचा धडा आणि रिक्षा स्टँडवरचा धडा या एका ठिकाणी शेजारी येतात. यासोबत ठिणगीची वेळही थोडी मागे घ्यावी लागते, कारण ऑक्सिजनने समृद्ध मिश्रण झपाट्याने जळते आणि नेहमीच्या वेळी पेटवले तर पिस्टन वर येण्याआधीच दाबाचे शिखर गाठते.

तिसरी गोष्ट टोकाच्या घडणीची. रस्त्यावरच्या गाड्यांच्या अनेक प्लगमध्ये टोक कक्षात बरेच पुढे आलेले असते, जे मंद गतीवर चांगले असते पण नायट्रसच्या जाळात निखारा होण्याची भीती घेऊन बसलेले असते. म्हणून मागे बसलेले टोक आणि वरून वाकलेली आखूड, जाड पट्टी पसंत केली जाते. दुकानात हल्ली इरिडियमचा आग्रह होतो. इरिडियमचा वितळबिंदू २४४६ अंश, निकेलचा १४५५. आकडे पाहून निर्णय झाला असे वाटते. पण इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक असते, आणि त्याचा खरा गुण दोन गोष्टींत आहे: कमी व्होल्टला ठिणगी आणि लाख किलोमीटरच्या घरातले आयुष्य. ज्या गाडीचे प्लग एकेका फेरीनंतर तपासून बदलायचे आहेत, तिला दीर्घायुष्याचे पैसे मोजायला लावणे ही निव्वळ विक्रीकला आहे. तांब्याचा गाभा आणि निकेलचे जाड टोक असलेला स्वस्त प्लग, जो लवकर झिजतो पण उष्णता झटकन मागे नेतो, या कामाला पुष्कळदा अधिक लायक ठरतो.

निवड झाली तरी ती बरोबर होती की नाही हे आधी कळत नाही. प्लग वाचावा लागतो, आणि त्या वाचनाची शिस्त मोठी कडक आहे. नवा प्लग लावून पूर्ण वेगाची फेरी मारायची, शेवटच्या रेषेपाशी क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करायचे आणि गाडी आपल्या वेगाने घरंगळत थांबू द्यायची. चालू इंजिनाने परत आणली तर मंद गतीची काजळी त्या तेरा सेकंदांच्या खुणांवर बसते आणि पुरावा पुसला जातो. मग काढलेला प्लग भिंगाखाली पाहतात. वाकलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली एक रेघ उमटलेली असते. ती वाकणाच्या आसपास असली तर ठिणगीची वेळ ठीक, मुळाकडे सरकली तर ठिणगी फार लवकर पडते आहे असे मानतात. आट्यांपैकी किती आटे रंग पालटून बसले यावरून प्लगचा आकडा योग्य आहे का हे ताडतात. चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे किंवा चमकते ठिपके दिसले की जाणत्याचा चेहरा उतरतो, कारण तो चमकणारा कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा असतो. मिश्रण जळण्याऐवजी स्फोटासारखे फुटू लागल्याची, म्हणजे ज्याला नॉकिंग म्हणतात त्याची, ती पहिली लेखी सूचना. शिसे असलेले पेट्रोल २००० साली देशभरातून गेले आणि त्याच्याबरोबर प्लगवर चढणारा जुना तांबूस रंगही फिका पडला. आता पेट्रोलमध्ये उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल मिसळू लागल्यापासून टोके अधिकच पांढुरकी दिसतात. लिपी तीच राहून शाई बदलावी तसे हे झाले आहे, आणि जुन्या डोळ्यांना पुन्हा अक्षरे गिरवावी लागत आहेत.

तापल्या धातूचा रंग वाचणे ही जालन्याची नवी विद्या नव्हे. भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या येथल्या कारखान्यांत लाल पिवळ्या होऊन निघालेल्या लगडीचा रंग पाहून ती रुळांत घालण्याजोगी झाली की नाही हे सांगणारी माणसे तापमापक यंत्रे येण्याआधीपासून होती. रुळांतून सुटलेल्या सळईवर पाण्याचा मारा होतो तेव्हा तिची कातडी क्षणात थंड होऊन कडक बनते, पण पोट धगधगतेच राहते. ती पोटातली धग मग हळूहळू बाहेर येते आणि कडक कातडीला थोडी नरमाई आणते. टीएमटी म्हणून विकल्या जाणाऱ्या सळईचे मर्म एवढेच. तिचा आडवा काप घासून त्यावर आम्ल लावले की कडेने एक गडद कडे उमटते, आणि किती उष्णता केव्हा बाहेर गेली त्याचा तो लेख असतो. त्याहून जुना आहे गावचा लोहार. विळ्याला पाणी देताना तो तापल्या पात्यावर फिकट गवती, मग जांभळा, मग निळा असे चढत जाणारे रंग पाहतो आणि नेमक्या रंगावर पाते पाण्यात बुडवतो. गवती रंग सुमारे २२० ते २३० अंशांवर येतो आणि निळा ३०० च्या आसपास, हे आकडे त्याला कोणी सांगितलेले नसतात. प्लगच्या पट्टीवरची रेघ हीसुद्धा याच रंगविद्येची नात.

लोहार लोखंडाला पाणी देतो आणि मोसंबीचा बागायतदार बागेचे पाणी तोडतो. बहार धरायचा असेल तर झाडाला ताण द्यावा लागतो: ठरावीक काळ पाणी बंद, मग पाने मलूल होऊन पिवळी पडतात, काही गळतात, आणि झाड आपल्या अंगातला साठा फुलांकडे वळवण्याच्या बेताला येते. जमीन हलकी की भारी यावर दिवस ठरतात, पण शेवटचा निर्णय पान पाहूनच होतो. दोन दिवस कमी पडले तर फूट येते आणि फूल येत नाही, चार दिवस जास्त झाले तर फांदी वाळते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागा वाळल्या, तेव्हा तो ताण माणसाने मोजून दिलेला नव्हता. इंजिनाला नायट्रस देणाऱ्याला ‘ताण’ हा शब्द ठाऊक असो वा नसो, पाव मैलाच्या शेवटी भिंग घेऊन तो जे शोधतो ते याच जातीचे असते: सोसवले इतके, त्यापुढे किती.

पत्र्याच्या त्या डब्यातले प्लग कधीतरी वजनावर भंगारात जातात. जुने सायलेन्सर, तुटलेल्या साखळ्या, ब्रेकचे तुकडे यांच्याबरोबर त्यांचीही रास औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या भट्टीच्या तोंडाशी येत असावी. दीड हजार अंशांच्या वर धातूचे अंग, आटे आणि वाकलेली पट्टी वितळून रसात मिसळून जातात आणि सळईच्या रूपाने कोणाच्या तरी घराच्या खांबात उभी राहतात. चिनी माती मात्र त्या उष्णतेलाही बधत नाही. ती दोन हजार अंशांच्या पुढे वितळणारी. मळीबरोबर ती वर तरंगते, झाऱ्याने बाजूला काढली जाते, आणि कारखान्याच्या भिंतीबाहेर निवत पडलेल्या काळ्या खड्यांच्या ढिगात कुठेतरी तिचा पांढरा तुकडा राहून जातो.